फाटकवाल्याची शेवटची तीन प्रकरणं

"भुतं नकोत. राक्षस चालतील."

माझ्या काउंटरवर कोपर टेकून हे सांगणारे गृहस्थ सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि ते अजिबात थट्टा करत नव्हते. भूत घरात शिरतं, राक्षस एवढ्या लांबून फ्रीगंजपर्यंत कशाला येईल, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना दोन खंडांची एक राक्षसवाली कादंबरी दिली आणि आधीच सांगून ठेवलं की दुसऱ्या खंडाच्या मध्यावर एक भूत आहे, पण ते स्वभावाने गरीब आहे आणि चार पानांत निघून जातं. ती चार पानं त्यांनी बायकोला वाचायला लावली. आठवड्याने आले ते तिसरा खंड मागत. तिसरा खंड लेखकाने लिहिलाच नव्हता. माझा काही दोष नसताना मी त्यांची माफी मागितली.

माझं काम हे असं होतं. उज्जैनच्या फ्रीगंजात, टॉवरच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत, माझं वाचनालय होतं. पुस्तकं घरी न्यायची, वाचायची, परत आणायची. संपादकांनी कळवलंय की अनुभव लिहा, पण भाषा जरा शुद्ध ठेवा. मी साताऱ्याची. बँकेतल्या नवऱ्यामागे उज्जैनला आले आणि इथलीच झाले. माझ्या बोलण्यातून 'याद', 'फुरसत' आणि 'झंझट' हे शब्द आता काही केल्या निघायचे नाहीत, तेव्हा संपादकांनी पेन्सिल खाली ठेवलेली बरी.

बाजार खुला झाला म्हणतात त्या दिवसांत आमच्याकडे दोन गोष्टी एकदम आल्या. एक केबल आणि दुसरी परदेशी रद्दी. केबलने माझं कंबरडं मोडलं. दुपारी जेवणं उरकल्यावर कौटुंबिक कादंबऱ्या न्यायला येणाऱ्या बायका महिन्याभरात दिसेनाशा झाल्या. रस्त्यात भेटल्या की नजर चुकवायच्या. आमचे हे म्हणायला लागले, बंद कर हे झंझट, आपण इथे एसटीडी बूथ टाकू. मला राग आला, पण हे चूक बोलत नव्हते.

रद्दीने मला तारलं. कागदाच्या कारखान्यांसाठी बाहेरदेशातून रद्दीचे गठ्ठे यायचे, त्यात जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या निघायच्या, त्यातल्या काही फिरत फिरत देवास गेटच्या रद्दीवाल्याकडे पोचायच्या. मुखपृष्ठं फाडलेली, बाकी कोऱ्या करकरीत. मी जाडी बघून एक पोतं उचललं. पहिलं पुस्तक उघडलं तर पहिल्याच पानावर नकाशा. मला वाटलं, घ्या, भूगोल निघाला. पण नकाशात एकही ओळखीचं गाव नव्हतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन ते पुस्तक वाचायला मला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात दोन वेळा दूध उतू गेलं आणि एकदा पोस्टमन दार वाजवून निघून गेला.

ज्यांना या पुस्तकांची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. यात लेखक एक अख्खा मुलूखच नवीन बनवतो. नद्या, डोंगर, राजघराणी, जादू, सगळं. मी दोन कपाटं केली होती. एक 'नकाशावाली', म्हणजे मोठी युद्धं, लांब प्रवास, शेवटी बहुतेक भलं होतं. दुसरं 'काळी'. काळ्यांत जादू वापरायची तर किंमत द्यावी लागते, राजा चांगला निघेलच असं नाही, आणि ज्याच्यावर जीव जडावा तोच नेमका मरतो. काळी पुस्तकं मी घरात लग्न असलेल्याला आणि परीक्षा असलेल्याला देत नसे. मागितली तरी नाही. "आंटी, तुम्ही दुकानदार आहात की डॉक्टर?" असं एका कॉलेजच्या मुलीने विचारलं होतं. मी म्हटलं, पेपर संपव आणि मग ये.

गिऱ्हाईक दारात आलं की ते तीन गोष्टी विचारणार हे ठरलेलं. घोडा मरतो का? पुस्तक घरात उघड्यावर ठेवता येईल का? आणि संपतं का? माणसं किती मरतात याची कुणाला फिकीर नव्हती, पण घोडा मेलेला उज्जैनला चालत नसे. या तिन्हींची उत्तरं मी खरी द्यायचे. चौथं उत्तर, म्हणजे शेवट काय होतो हे, मी कुणाच्या बापाला सांगितलं नाही. आणि माझी सगळ्यात मोठी मिजास ही की स्वतः वाचल्याशिवाय एकही पुस्तक मी कुणाच्या हातात ठेवलं नाही. ही मिजास लक्षात ठेवा, पुढे ती उतरायची आहे.

आता धंद्यातली एक रीत. ही पुस्तकं आठशे-नऊशे पानांची. एकाने नेलं की महिनाभर गायब. म्हणून आमच्यात जाड पुस्तकाचे तीन भाग करून वेगवेगळे बांधतात. एक जण पहिला भाग वाचतो तोवर पुढचा माणूस दुसरा संपवतो. हे काम इस्माइलभाईंकडे. देवास गेटला त्यांचं बाइंडिंगचं दुकान, अक्षर इंग्रजीचं एक येत नव्हतं, पण पानांचे आकडे बघून असे भाग पाडायचे की प्रकरण मध्येच कधी तुटलं नाही. जुन्या कॅलेंडरांची पुठ्ठ्याला वेष्टणं. मुखपृष्ठं फाटलेलीच असायची, त्यामुळे नावं मीच मराठीत ठेवायचे. 'सावली विकणारा राजा', 'सात भावांचा शाप', 'फाटकवाला'. सगळे त्याच नावांनी मागायचे.

दुसरी रीत वाचणाऱ्यांची. पुस्तक आपण आधी वाचलंय की नाही हे विसरायला होतं, म्हणून प्रत्येक मेंबर सत्ताविसाव्या पानावर पेन्सिलीने आपली बारीक खूण करायचा. सत्तावीसच का, कुणाला ठाऊक, कुणीतरी सुरू केलं असेल. कंपाउंडरांचा त्रिकोण. डॉक्टरीणबाईंची फुली. या डॉक्टरीणबाई दिवसभर बाळंतपणं करायच्या आणि मला म्हणायच्या, काळ्यातलं काळं द्या, फक्त त्यात बाळंतपण नको. कुसुमवहिनींचं तुळशीचं पान. सत्ताविसावं पान बघून मी कोण काय वाचून बसलंय ते सांगू शकत असे.

माझ्या मेंबरांत रामघाटाचे एक पंडाजी होते. यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं ज्यांच्या वह्यांत असतात ते तीर्थपुरोहित. ही कादंबऱ्यांची गोडी त्यांना त्यांच्या इंग्रजी शिकलेल्या सुनेने लावली. ती दुपारी वाचून हिंदीत सांगायची आणि हे ऐकायचे. मंत्राच्या जागी लेखकाने काही भलतंसलतं घातलं की पंडाजी मला येऊन ऐकवायचे, बहनजी, ऐसे तो मच्छर भी नहीं भागेगा. पण 'सात भावांचा शाप' त्यांना इतकं लागलं की त्यांनी आपल्या वहीच्या लांब कागदावर त्या राजांची तेरा पिढ्यांची वंशावळ लिहून आणली, लाल आणि काळ्या शाईत, कोण कुणाचा, कोण कधी जन्मला, कुणी कुणाला मारलं. मी ती काउंटरच्या मागे भिंतीवर लावली. नवीन माणूस आला की पुस्तक न्यायच्या आधी अर्धा तास तिच्यापुढे उभा राहायचा.

त्या वंशावळीनेच अष्टपुत्रे सर माझ्याकडे आले, म्हणजे आले होते बायकोचं पुस्तक परत करायला. सर रिटायर्ड हेडमास्तर. गावात निम्म्या कारकुनांना त्यांनी इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे कचेरीत त्यांचं काम कधी अडायचं नाही. कुसुमवहिनी त्यांची पत्नी, माझी पहिली मेंबर आणि केबल आल्यावरही न पळालेली एकमेव. सरांना माझ्या दुकानाबद्दल दोन तक्रारी होत्या. एक, इथे मोठी माणसं परीकथा वाचतात. दोन, पुस्तकात खुणा करतात. "पुस्तक म्हणजे एस.टी. स्टँडची भिंत नाही, सुमनबाई," असं त्यांनी मला चार लोकांत सुनावलं होतं. स्वतःच्या खिशाला मात्र सदैव लाल पेन्सिल. रिटायर झाल्यावरही ती सुटली नव्हती.

त्या दिवशी तीन पायऱ्या चढून सरांना दम लागला आणि ते खुर्चीत बसले. समोर वंशावळ. श्वास जाग्यावर येईपर्यंत त्यांनी ती वरून खाली वाचली आणि म्हणाले, यात नातू आजोबापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे. मी म्हटलं, सर, त्याला कारण आहे. ते म्हणाले, कारण असूच शकत नाही. मी म्हटलं, पुस्तकात आहे. मग काय, पंडाजींची चूक सिद्ध करायला सर 'सात भावांचा शाप'चा पहिला भाग घेऊन गेले. नातू खरंच मोठा होता, जादूने. सर दुसरा भाग न्यायला आले तेव्हा मी तोंडातून एक शब्द काढला नाही. मला तो आवरायला किती कष्ट पडले ते मलाच माहीत.

वर्षभरात सरांनी नकाशावालं कपाट संपवलं आणि काळ्यावर आले. शाळेच्या वहीत ते प्रत्येक पुस्तकाची टिपणं काढायचे. खूण मात्र कधीच नाही केली. मला इतका आनंद व्हायचा म्हणून सांगू! गल्लीच्या तोंडाशी त्यांची छत्री दिसली की मी कपाटातून पुढचा भाग काढून ठेवायचे आणि काहीतरी दुसरंच करत असल्यासारखी बसायचे.

'फाटकवाला' मी त्यांना दिलं तो माझा निर्णय, आणि तो माझ्या मते बरोबर होता. गोष्ट सांगते, पुढे लागणार आहे. एका मुलखाच्या टोकाला भिंत आहे, भिंतीत फाटक आहे, पलीकडे काळोख. एक म्हातारा चाळीस वर्षं ते फाटक राखतोय. शूर नाही, जादू येत नाही, गुडघे दुखतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारतो, "कोण? कुठून? किती दिवस?" बस. सगळे राजे आपसात लढून संपतात आणि काळोख थोपवायला हा एकटा उरतो. सरांनी पहिला भाग दोन दिवसांत संपवला. म्हणाले, हा माणूस मी ओळखतो, हा आमच्या शाळेत शिपाई होता. मग म्हणाले, किंवा मी असेन.

दुसरा भाग चालू असताना त्यांच्या छातीत दुखलं. इंदूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बायपास करायची आणि लवकर करायची. तेव्हा ते ऑपरेशन म्हणजे जिवावरचंच. मुलगा मुंबईहून आला. आला तोच एका ज्योतिषाकडे जाऊन दिवस काढून घेऊन आला. उज्जैनला ज्योतिषांची काय वानवा! पण सरांनी आयुष्यात कधी पत्रिका उघडली नव्हती. त्यांनी डॉक्टरांनी दिलेला सोमवारच धरला.

त्याआधीच्या मंगळवारी कुसुमवहिनी माझ्याकडे आल्या. पुस्तक न्यायला नाही. खुर्चीत बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. सर कुणाशी बोलत नव्हते. जेवत होते, औषध घेत होते, पण बोलणं नाही. फक्त आदल्या दिवशी वहिनींना एकदाच म्हणाले होते, त्या फाटकवाल्याचं जे होईल तेच माझं होणार. वहिनींनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला तर त्यांनी मान फिरवली. आयुष्यभर ज्या माणसाने मांजर आडवं गेलं तर मुद्दाम तोच रस्ता धरला, तो माणूस आता कादंबरीचा कौल लावून बसला होता. आणि तिसरा भाग त्यांना ऑपरेशनच्या आधी हवा होता.

"सुमन," वहिनी म्हणाल्या, "शेवट चांगला आहे ना गं?"

माझा नियम मी सांगितलाच आहे. शेवट कुणाला सांगायचा नाही. पण माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. फाटकवाला शेवटी मरतो. फाटक बाहेरून बंद होत नाही, आतूनच होतं. म्हणून तो काळोखात शिरतो, आतून कडी घालतो, आणि संपतं. मी ते पान वाचून इतकी रडले होते की पुस्तक मिटून ठेवलं आणि त्या दिवशी दुकान उघडलंच नव्हतं.

आधी ठरवलं, तिसरा भाग बाहेर गेलाय म्हणून सांगायचं. पण वहिनी म्हणाल्या, मग हे तेच डोक्यात घेऊन टेबलावर जातील. तेही खरं होतं. मग मी जे केलं त्याची मला आजही शरम वाटते आणि आजही मी तेच करीन. तिसरा भाग घेऊन देवास गेटला गेले आणि इस्माइलभाईंना म्हटलं, बेचाळिसाव्या प्रकरणानंतरचं सगळं काढून टाका. बेचाळिसावं प्रकरण संपतं तेव्हा अजून लढाई व्हायची असते. म्हातारा भिंतीवर बसून कढत सूप पितोय आणि उजाडतंय. तिथे गोष्ट संपली तर कुणी मरत नाही.

इस्माइलभाईंनी चाकू उचलला नाही. "बहनजी, मैं किताब के तीन टुकड़े करता हूँ, तो तीनों आपकी अलमारी में जाते हैं," ते म्हणाले. "यह चौथा कहाँ रखोगी?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग पानं मोजून मोजून सोडवली, तिसरा भाग असा पुन्हा बांधला की पाठीवर हात फिरवून कळू नये. काढलेली पानं फेकली मात्र नाहीत. त्यांचीही बारीक शिलाई केली, वर खाकी कागद लावला आणि माझ्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. मी ती काउंटरच्या खणात तळाशी ठेवली.

सरांनी तिसरा भाग नेला आणि रविवारी सकाळी इंदूरला निघायच्या आधी परत द्यायला स्वतः आले. रिक्षा बाहेर उभी. वहिनी आत बसून राहिल्या. सरांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं, पाठ दोन बोटांनी चाचपली.

"शेवट जरा अचानक होतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, काही पुस्तकं तशीच असतात सर, लेखकाने वाचणाऱ्यावर सोडलंय. एवढं धडधडीत खोटं मी नवऱ्याशीही बोलले नव्हते. सरांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. चाळीस वर्षं कॉपी करणारी पोरं ज्या नजरेने पकडली तीच नजर. मग नुसतं "असेल" म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

सोमवार मी कसा काढला ते विचारू नका. पंडाजींनी घाटावर सरांच्या नावाने काहीतरी केलं, सरांना न सांगता. कंपाउंडर तासातासाने टॉवरजवळच्या बूथवर जाऊन इंदूरला फोन लावत होते. दुपारनंतर ते गल्लीतून जवळजवळ पळत आले आणि म्हणाले, झालं, शुद्धीवर येतायत. माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांना त्या आनंदात एक भूतवालं पुस्तक देऊन टाकलं, हे नंतर लक्षात आलं. ते दुसऱ्या दिवशी परत आलं.

दीड-पावणेदोन महिन्यांनी सर आले. पायऱ्या एकेक करून, वहिनींचा हात धरून, पण आले. वाळले होते, सदरा ढगळ झाला होता. खुर्चीत बसले, वंशावळीकडे बघून घेतलं आणि म्हणाले, "सुमनबाई, उरलेली तीन प्रकरणं द्या."

 मी वहिनींकडे बघितलं, तर त्यांनी मानेने नाही म्हटलं. त्यांनी सांगितलं नव्हतं. सरांनी पिशवीतून शाळेची वही काढली आणि माझ्यापुढे उघडी ठेवली. 'फाटकवाला, भाग पहिला' असं लिहून खाली त्यांनी अनुक्रमणिका उतरवून घेतली होती. प्रकरणं एकूण पंचेचाळीस.

 पुस्तकाचे तीन भाग केले की अनुक्रमणिका पहिल्या भागात जाते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं हेच करत होते. पण तिसऱ्या भागाचं शेपूट कापताना पहिल्या भागाचं तोंड मला आठवलंच नाही. ज्याने लोकांना पुस्तकं अशी भागाभागांनी कधी वाटली नाहीत तो ही चूक करणार नाही. ही आम्हा वाचनालयवाल्यांचीच.

मी माफी मागायला लागले तर सरांनी हात वर केला. म्हणाले, त्या शनिवारीच त्यांना कळलं होतं. का कापलं असेल तेही कळलं. "त्या आठवड्यात सगळे माझ्याशी खोटं बोलत होते," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणे किरकोळ आहे. मुलगा म्हणे काळजी नको. त्यातलं किती खोटं, मला मोजता येत नव्हतं. तुमचं तेवढं मोजता आलं. तीन प्रकरणं. टेबलावर झोपवलं तेव्हा मी तेच म्हणत होतो, अजून तीन प्रकरणं बाकी आहेत."

वहिनी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी खण उघडला आणि खाकी कागदातली पानं सरांपुढे ठेवली. ठेवताना एवढंच म्हटलं, सर, शेवट वाईट आहे. ते म्हणाले, मी परत आलोय, आता काय होतंय मला.

घरी न नेता तिथेच खुर्चीत बसून वाचायला लागले. सकाळची वेळ, मेंबर येत-जात होते. सर काय वाचतायत हे एकाने दुसऱ्याला कुजबुजून सांगितलं आणि कुणी निघेना. डॉक्टरीणबाई पेशंट सोडून पाच मिनिटांसाठी आल्या होत्या, त्या कपाटाला टेकून उभ्याच राहिल्या. सर कडी घालायच्या पानावर आले हे मला त्यांच्या बोटावरून कळलं. बोट थांबलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हटलं, झालं सर, पुढे नुसते शब्दार्थ आहेत.

या पुस्तकांच्या शेवटी लेखक आपल्या बनवलेल्या मुलखातल्या गावांची, शस्त्रांची, देवांची यादी देतो. दहा-दहा पानं. ती कोण वाचतं? सर वाचत होते. मास्तर माणूस, छापलेलं सोडेल कसं. सगळी यादी वाचली, सैनिकांची नावनिशी वाचली. मग आणखी दोन पानं उलटली आणि तिथे पुन्हा थांबले. तिथलं दोनदा वाचलं. मान वर केली तेव्हा चेहरा वेगळाच होता.

"तुम्ही हे पुस्तक वाचलंय, सुमनबाई?"

मी म्हटलं, हो तर, न वाचता मी कुणाला देत नाही.

"पूर्ण?"

दुकान भरलेलं. सगळ्यांच्या तोंडावर मी वर्षानुवर्षं मारलेली बढाई.  सर उठले, मला म्हणाले, बसा. मी सरांच्या खुर्चीत बसले. त्यांनी पानं माझ्या हातात दिली आणि बोट ठेवलं. म्हणाले, मोठ्याने, आणि वाक्यागणिक हिंदीत सांगा, पंडाजींना पण कळू द्या. पंडाजी दारात कधी येऊन उभे राहिले होते, मला पत्ता नव्हता.

मी वाचलं. यादीच्या मागे, जिथे कुणी जात नाही, तिथे लेखकाने अडीच पानं लपवून ठेवली होती. पुष्कळ वर्षं गेलीत. फाटकापाशी गाव वसलंय. एक लहान मुलगी संध्याकाळी फाटकाजवळ दिवा ठेवायला जाते, आजी सांगते म्हणून, का ते तिला माहीत नाही. एके दिवशी घाईत दिवा तिच्या हातातून पडतो आणि फाटकावर खणकन आपटतो. आणि आतून, काळोखातून, एक म्हातारा आवाज विचारतो, "कोण?"

इथे मी थांबले. पुढचं वाक्य वाचता येईना. सरांनी थांबू दिलं नाही. पुढे, म्हणाले. मी वाचलं. "कुठून? किती दिवस?" मुलगी दोन्ही हातांनी फाटक ओढायला लागते. तिथे पुस्तक संपतं.

 मग पंडाजी एकदम म्हणाले, वो ज़िंदा है! आणि सगळेच बोलायला लागले, कंपाउंडर डॉक्टरीणबाईंना तिसऱ्यांदा तेच सांगायला लागले, वहिनी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी मात्र मान खाली घालून बसले. ज्या पुस्तकाने त्या माणसाला घाबरवायला नको म्हणून मी चाकू चालवला, त्या पुस्तकाचा शेवट मी वाचलाच नव्हता. रडून पुस्तक मिटलं आणि वाचलं असं समजले. वर चार वर्षं लोकांना देत होते.

सरांनी खिशातली लाल पेन्सिल काढली. मला वाटलं, आता शेरा मारतायत. त्यांनी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, ओळीला धक्का न लावता, एक बारीक टिक केली, उत्तरपत्रिकेवर करतात तशी. त्यांच्या आयुष्यातली पुस्तकावरची पहिली खूण. मग पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"आता तुम्ही करा," ते म्हणाले. "आता वाचलंत."

मालकीण म्हणून माझी कधी खूण नव्हतीच. काय करावं सुचेना. शेवटी त्यांच्या टिकेखाली मी एक छोटंसं फाटक काढलं, दोन उभ्या रेघा आणि वर एक आडवी. आडवी रेघ तोकडी पडली, म्हणून एक बाजू जरा उघडी राहिली. सरांनी ते बघितलं आणि म्हणाले, राहू दे तसंच.